चाळीस दिवसांचा मफलर

ऑगस्ट संपत आला तरी दुबईची हवा बदलत नाही. बदलतात त्या जाहिराती. आमच्या लिफ्टमधल्या छोट्या पडद्यावर लहान मुलांच्या फुटबॉल वर्गांचे फोटो यायला लागतात. खालचा कॅफेवाला मोठ्या टीव्हीवरची धूळ पुसतो आणि खुर्च्या त्याच्याकडे तोंड करून मांडतो. संध्याकाळी मी एसीतून बाहेर पाऊल टाकलं की चष्म्यावर वाफ धरते आणि क्षणभर काही दिसत नाही. पोरांचे आवाज तेवढे येतात. काच पुसली की दिसतं, बिल्डिंगमागच्या हिरवळीवर आठ-दहा मुलं रंगीबेरंगी जर्सी घालून पळतायत. घामाने निथळतात, पण थांबत नाहीत. सिलिकॉन ओएसिसमधल्या आमच्या या वस्तीत ऋतू असा कळतो. फुटबॉलचा मोसम सुरू झाला.

आणि याच आठवड्यात, निहार, तुझा निबंध आला. ‘खेळापासून राजकारण दूर ठेवावं का?’ तू लिहिलंस, हो, ठेवावं. कोपऱ्यात तुझ्या बहिणीने, आरोहीने, पेन्सिलीने ‘बोरिंग’ असा शेरा मारलेलाही मी पाहिला. सोबत निरोप होता, “आजी, जस्ट चेक द कॉमाज, प्लीज.” मी कॉमा तपासले. सात चुकले होते. शेवटी ‘वेल आर्ग्यूड’ लिहून अर्ध्या तासात निबंध परत पाठवला. तुम्हाला ठाऊक आहे, माझ्याकडे काम पडून राहत नाही.

त्यानंतर दिवसभर मला काही सुचलं नाही. कारण तुझ्या निबंधातलं पहिलं वाक्य मी पूर्वी एकदा स्वतः लिहिलं होतं. शाळेच्या वहीत नाही, बिल्डिंगच्या मॅनेजमेंटला पाठवलेल्या ईमेलमध्ये. ती गोष्ट मी कुणालाच सांगितली नव्हती, तुमच्या आईलाही नाही. आता तीच तुम्हाला हे वाचून दाखवेल.

मराठीत लिहिते आहे, त्याला कारण आहे. इंग्रजीत मला लपायला जागा सापडते. कॉन्व्हेंटमध्ये शिकले, मग जबल अलीच्या ऑफिसात तीस वर्षं साहेबांची पत्रं लिहिली. कुणाला नकार द्यायचा, कुणाला धमकवायचं, तरी वाक्यात माणूस दिसू द्यायचा नाही, यात माझा हातखंडा होता. मराठीत माझा हात तितका सराईत नाही. ‘मी केलं’ असंच लिहावं लागतं.

तर, मी केलं ते असं.

आमच्याच मजल्यावर कोपऱ्यातल्या घरात नेर्मिन राहायची. इस्तंबूलच्या शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेली, माझ्याहून सहा-सात वर्षांनी लहान, केस आखूड कापलेले. तिची मुलगी देफ्ने मरीनाला एका ऑफिसात कामाला. आमची बिल्डिंग काटकोनात वळते, त्यामुळे नेर्मिनची बाल्कनी माझ्या स्वयंपाकघरातून समोर दिसायची. आणि माझ्या दाराला दार लागून फिलो. फिलोमिना, मूळची वसईची, एका हॉटेलात हाउसकीपिंगची सुपरवायझर होती. तिचा नवरा आंतोन अजून नोकरी करतो. हिवाळ्यात सकाळी सहाला आम्ही तिघी फिरायला जायचो. फिलो बोलायला लागली की आम्ही दोघी फक्त पाय चालवायचो.

नेर्मिनचं इंग्रजी तुटक होतं, माझं जरुरीपेक्षा जास्त नेटकं, आणि फिलोचं हिंदी, इंग्रजी आणि अरबी ‘यल्ला, यल्ला’ यांचं मिश्रण. तरी कुणाचं काही अडलं नाही. नेर्मिन मला आब्ला म्हणायची. त्यांच्याकडे मोठ्या बहिणीला तसं म्हणतात. वत्सला आब्ला.

तिच्याकडून मी एक अख्खा देश ऐकला, तोही फुटबॉलमधून. तिचा संघ काळ्या-पांढऱ्या रंगांचा. “आमच्याकडे मूल जन्मलं की नाव नंतर विचारतात, आधी संघ विचारतात,” ती म्हणायची. निवडणूक आली की पुढारी ज्या गावात जाईल त्या गावच्या संघाचा मफलर गळ्यात घालतो; सकाळी एका रंगाचा, संध्याकाळी दुसऱ्या.

“आणि रात्री घरी बायकोच्या संघाचा,” फिलो म्हणाली.

नेर्मिन कॉलेजात असताना तिथे लष्कराचं राज्य होतं. चार माणसांनी रस्त्यात एकत्र उभं राहणंही धोक्याचं. “पण हजारो माणसांनी एकत्र ओरडलेलं चालायचं, आब्ला. कारण ते फुटबॉल होतं. आम्ही गोल झाला म्हणून ओरडायचो. कशाकशासाठी ओरडतोय ते आमचं आम्हाला माहीत.” पुढे एका उन्हाळ्यात शहरातली एक बाग वाचवायला लोक रस्त्यावर उतरले, तेव्हा एरवी एकमेकांचं तोंड न बघणाऱ्या तीन संघांची पोरं हातात हात घालून चालली, हे तिने स्वतः पाहिलेलं. मग तिकिटासाठी फोटोचं, ओळखपत्राच्या नंबराचं कार्ड आलं. कोण कुठल्या खुर्चीवर बसतो ते सगळं वर नोंदलेलं. “पूर्वी आम्ही गर्दी होतो,” नेर्मिन म्हणाली, “आता यादी आहोत.”

तिची आवडती आठवण मात्र वेगळी होती. पुरुषांनी दंगा केला म्हणून त्यांना शिक्षा झाली, आणि त्या सामन्याला फक्त बायका आणि लहान मुलांना सोडलं. नेर्मिन शेजारणींना घेऊन गेली. समोरचा संघ मैदानात आला तेव्हा शिव्यांऐवजी टाळ्या पडल्या. खेळाडूंना कळेना, आता चेहरा कसा करायचा.

“म्हणजे शिक्षा नवऱ्यांना आणि पिकनिक बायकांना!” फिलो हसून हसून बाकावर बसली. “आंतोनला मी दर शुक्रवारी अशी शिक्षा देते बघ.”

मीही हसले. आणि मनात म्हणाले, हे सगळं मला माहीत आहे. मी कोल्हापूरची आहे.

तुम्हाला कोल्हापूर म्हटलं की तांबडा रस्सा आठवतो. मला आठवते ती फुटबॉलच्या दिवसांतली आमची पेठ. तिथे संघ तालमींचे असतात. जिथे कुस्तीची माती, तिथेच फुटबॉलची जाळी. तालमीचा झेंडा म्हणजे पेठेचं नाक. फायनलच्या दिवशी दुकानं अर्धवट मिटलेली, आणि नगरसेवक व्हायची इच्छा असलेला प्रत्येकजण मैदानावर पहिल्या रांगेत, हात जोडून. जिंकलं की गुलाल, हरलं की कोपऱ्यावर पोलिसांची गाडी. माझा मोठा भाऊ, बाळदादा, डाव्या बाजूने खेळायचा. “वच्छे, आज आलीस न्हाईस तर गोल मारणार न्हाई मी,” असा दम द्यायचा. माझे वडील कॉलेजात इंग्रजी शिकवायचे. त्यांना हे सगळं गावंढळ वाटायचं. “खेळ आणि राजकारण यांची खिचडी सुसंस्कृत माणसं करत नाहीत,” असं ते जेवताना म्हणत, आणि दादा मान खाली घालून ताटातला भात चिवडत बसे. मी वडिलांची मुलगी होते. मैदानावर कधीच गेले नाही.

पण गॅलरीतून एक गोष्ट पाहिली होती. तालमीचे जुने गोलकीपर वारले, तेव्हा पोरांनी त्यांच्या अंगावर शालीबरोबर त्यांची जर्सी पांघरली आणि पुढे तालमीचा झेंडा धरला. पेठेतले लोक रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उभे होते. दुसऱ्या पेठेची पोरंही आली होती, ज्यांच्याशी आदल्या महिन्यात मारामारी झाली होती. ती मागे, टोप्या हातात घेऊन उभी. मी दहा वर्षांची होते. त्या कापडाचा अर्थ मला त्या दिवशी कळला होता. म्हणून आज मला असं म्हणायची सोय नाही की, मला माहीत नव्हतं.

अडीच वर्षांपूर्वी, फेब्रुवारीत दुबईची थंडी छान लांबली होती. सकाळी शाल लागायची. गवतावर दव, फिलोच्या थर्मासमधला आल्याचा चहा, आकाश धुतल्यासारखं. आणि त्यातच एका सोमवारी पहाटे तुर्कस्तानात भूकंप झाला. नेर्मिनच्या धाकट्या बहिणीचा मुलगा एम्रे अंताक्याला राहायचा, शाळेत गणित शिकवायचा. इस्तंबूलला कॉलेजात होता तेव्हा तो चार वर्षं नेर्मिनकडेच होता. तिनेच त्याला स्टेडियमची चटक लावली. नवव्या दिवशी तो सापडला.

त्या दिवशी दुपारी मी भाजी चिरत होते. समोरच्या बाल्कनीत नेर्मिन आली. तिने कठड्यावर एक काळा-पांढरा लोकरीचा मफलर पसरला, दोन्ही टोकं नीट ओढली, कपड्यांचे चिमटे लावले आणि आत गेली. एम्रेचा मफलर होता तो, तिच्या कपाटात राहून गेलेला. आम्ही भेटायला गेलो तेव्हा म्हणाली, “चाळीस दिवस. आमच्यात शोक चाळीस दिवस असतो, भूकंपाच्या दिवसापासून. मग काढीन.”

आमच्या बिल्डिंगच्या नियमाप्रमाणे बाल्कनीत बाहेरून दिसेल असं काही टांगायचं नाही. पण तिसऱ्या मजल्यावर सदरे वाळतात, सातव्यावर एकाची सायकल उलटी टांगलेली असते. कुणी काही बोलत नाही. मी मजल्याची प्रतिनिधी होते, व्हॉट्सॲप ग्रुपवर कचऱ्याच्या वेळा टाकायचं काम माझं. पहिले दहा-बारा दिवस मीही काही बोलले नाही.

मग तो रविवार आला. काळ्या-पांढऱ्या संघाचा सामना होता. नेर्मिनने आम्हा दोघींना बोलावलं. खेळ चार मिनिटं आणि सतरा सेकंदांनी थांबला, कारण भूकंप पहाटे चार वाजून सतरा मिनिटांनी झाला होता. आणि प्रेक्षकांनी मैदानावर खेळणी फेकायला सुरुवात केली. भूकंपातल्या मुलांसाठी अस्वलं, ससे, बाहुल्या. हजारोंनी पडत होती. हिरवळ दिसेनाशी झाली. खेळाडू ती गोळा करत होते, छातीशी धरून बाजूला नेत होते. फिलो पदर नसलेल्या गाऊनच्या बाहीने डोळे पुसत राहिली.

आणि मग त्याच मैदानातून एक घोषणा उठली. आधी एका कोपऱ्यातून, मग सगळीकडून. नेर्मिन उभी राहिली. ही शांत बाई, जिने भाचा सापडल्याचं सांगतानाही आवाज चढवला नव्हता, ती मुठी आवळून टीव्हीसमोर ओरडत होती, त्या हजारोंच्या बरोबरीने. बाल्कनीचं दार उघडं होतं. देफ्ने आतून धावत आली, आईवर “आन्ने!” म्हणून ओरडली आणि दार लोटून घेतलं.

“काय म्हणतायत गं?” फिलोने विचारलं.

“काही नाही, आंटी. फुटबॉल आहे,” देफ्ने म्हणाली.

“सरकारने राजीनामा द्यावा म्हणतायत,” नेर्मिन म्हणाली आणि खाली बसली. “उशिरा आले, आब्ला. लोक दगडाखालून हाका मारत होते, आणि कुणी आलं नाही.”

निघताना फिलोने वातावरण हलकं करायला म्हटलं, “बाय, एवढी ओरडलीस, आता बिल्डिंगवाले येतात बघ तुला पकडायला!” नेर्मिन कशीबशी हसली.

घरी येऊन मी बातम्या वाचल्या. तिथे घोषणा देणाऱ्या प्रेक्षकांबद्दल मोठमोठ्या लोकांनी तंबी दिली होती. कुठल्या तरी सामन्याला पाहुण्या संघाच्या लोकांना येऊ द्यायचं नाही असं ठरलं होतं. जेवताना मी मिलिंदला सांगितलं. तुमचा मामा स्वभावाने सावध. तो एवढंच म्हणाला, “आई, जपून. आपण इथे पाहुणे आहोत.” तो एवढंच म्हणाला होता. पुढचं सगळं माझं.

इथे राहणाऱ्या प्रत्येक घरात ही एक सवय असते. कुणी शिकवत नाही, तरी मुरते. रांगेत उभं राहायचं, कागद वेळेवर भरायचे, आणि ज्या विषयाला धार आहे त्याच्याजवळ जायचं नाही. माझा व्हिसा मिलिंदच्या नोकरीवर, मिलिंदची नोकरी कंपनीच्या मर्जीवर. सकाळी उठून मी ओट्याजवळ उभी राहिले आणि समोर तो मफलर दिसला. काल रात्रीपर्यंत तो एम्रेचा होता. आज मला तो कठड्यावर बांधलेली घोषणा वाटायला लागला. उद्या कुणी विचारलं, तुम्ही त्यांच्याकडे बसायचा ना? मजल्याची जबाबदारी तुमची ना?

मी चहा गार होऊ दिला आणि ईमेल लिहिला. खेळापासून राजकारण दूर ठेवणं सर्वांच्या हिताचं आहे, असं पहिलं वाक्य. दुसरं असं की, अमुक क्रमांकाच्या घराच्या बाल्कनीत एक वस्तू टांगलेली असून सध्याच्या परिस्थितीत ती राजकीय प्रदर्शन समजली जाण्याची शक्यता आहे. शेवटी, माझं नाव गुप्त ठेवावं. मी तीनदा वाचून पाहिला. एकही चूक नव्हती.

नुसतं ‘कपडा टांगला आहे’ लिहिलं असतं तर तो ईमेल महिनाभर पडून राहिला असता. ‘राजकीय’ हा शब्द होता म्हणून अकराच्या आत सुरक्षारक्षकांचा सुपरवायझर वर आला. मी ओट्यापाशीच होते. नेर्मिनने एक चिमटा काढला, मग दुसरा. मफलर घडी न घालता, उराशी गोळा करून ती आत गेली. मी नळ सोडला आणि आधीच धुतलेली भांडी परत धुतली.

दुसऱ्या दिवशी तीच माझ्या दारात. हातात मॅनेजमेंटच्या ईमेलची प्रिंट.

“आब्ला, तुझं इंग्रजी चांगलं आहे. मला नीट समजव. देफ्ने घाबरली आहे, ती नीट सांगत नाही.”

मी कागद घेतला. त्यात माझं वाक्य होतं. जसंच्या तसं, माझ्या शब्दांसह. त्यांनी नाव गाळलं होतं आणि बाकी काही बदलायचे कष्ट घेतले नव्हते.

“हा कन्स्ट्रूड कोणता शब्द?” तिने बोट ठेवलं.

मी सांगितलं, “म्हणजे... पाहणाऱ्याने तसा अर्थ काढणं.”

“कोण पाहणारा?”

“तसं लिहिलेलं नाही.”

ती सोफ्यावर बसली. “मी काय करू? चाळीस दिवस व्हायला अजून अठरा बाकी आहेत. तू त्यांना एक पत्र लिही ना. तू लिहिलंस तर ऐकतील.”

मी लिहिलं. लाज कशाची वाटते ते सांगायचं तर हे सांगितलं पाहिजे, की मी ते पत्र फार सुंदर लिहिलं. शोक, रूढी, चाळीसावा दिवस, एका शिक्षकाची आठवण. आदल्या दिवशी जिथे बसून तक्रार लिहिली त्याच खुर्चीत बसून. नेर्मिनने माझे दोन्ही हात धरून कपाळाला लावले. तेव्हा बोलायला हवं होतं. कागद अजून टेबलावर होता, घरात आम्ही दोघीच होतो. उलट तिनेच विचारलं.

“आब्ला, फिलो म्हणाली होती, बिल्डिंगवाले येतील. आणि दुसऱ्याच दिवशी आले. तुला काय वाटतं?”

मी म्हणाले, “मला काय माहीत.”

तक्रार मी भीतीने केली. हे मात्र भीतीने नव्हे. हे सोयीचं होतं म्हणून केलं.

मॅनेजमेंटचं उत्तर सभ्य होतं. दुःखात सहभागी आहोत, घराच्या आत आपण काहीही लावू शकता. मफलर आतल्या खोलीत कपाटाच्या मुठीला अडकला. देफ्नेने टीव्हीचा आवाज कायमचा कमी केला. सकाळच्या फिरण्यात नेर्मिन हळूहळू येईनाशी झाली; आली तर फिलो नसेल त्या दिवशी. फिलो मला विचारायची, “नेर्मिन माझ्याशी बोलत नाही, काय झालं गं? काही म्हणाली का तुला?” मी म्हणायचे, दुःखात आहे गं ती. तेही खोटं नव्हतं, आणि म्हणूनच ते चालून गेलं.

चाळीसाव्या दिवशी नेर्मिनकडे रव्याचा हलवा होता. आपल्या शिऱ्याचाच भाऊ, फक्त चिलगोजे घालून, आणि रवा फार वेळ, अगदी तांबूस होईपर्यंत भाजायचा. त्यांची पद्धत अशी, की तो एकटीने भाजायचा नाही. आलेल्या प्रत्येकीने आळीपाळीने पळी हातात घ्यायची, ढवळता ढवळता गेलेल्या माणसासाठी मनात काहीतरी म्हणायचं आणि पळी पुढे द्यायची. स्वयंपाकघरात तुपाचा वास, सात-आठ बायका. माझी पाळी आली. मी ढवळत राहिले. एम्रेला मी पाहिलंही नव्हतं, त्याच्यासाठी काय म्हणणार. मला एकच दिसत होतं, की फिलो इथे नाही. तिला बोलावलं नव्हतं. तिच्या दारावरून येताना आत रेडिओ चालू होता आणि चपला बाहेरच होत्या. “आब्ला, खाली लागेल,” नेर्मिन हळूच म्हणाली आणि माझ्या हातातून पळी घेतली.

त्याच उन्हाळ्यात देफ्नेने नोकरी बदलली आणि त्या दोघी इस्तंबूलला परत गेल्या. त्याला आता दोन वर्षं होऊन गेली. दर ईदला, दर दिवाळीला नेर्मिनचा मेसेज येतो. फिलो आणि मी अजून रोज फिरतो, उन्हाळ्यात मॉलमध्ये. ती गोष्ट मी, वही मिटून फडताळात ठेवावी, तशी ठेवून दिली होती.

निहार, तू तुझं मत बदलावंस म्हणून हे लिहीत नाही. तू चौदा वर्षांचा आहेस, तुझ्या मैदानावर तुमचे कोच म्हणतात ते खरंही असेल. पण मी बहात्तर वर्षांची असून ‘वेल आर्ग्यूड’ लिहिलं, आणि त्यात मला काय म्हणायचं आहे याचा विचारही केला नाही. मैदानातून राजकारण बाहेर काढा असं म्हणणारा बहुतेक वेळा दुसऱ्याला गप्प बसवत असतो. मी तेच केलं होतं. माझ्यापुरती भीती कमी व्हावी म्हणून एका बाईचा शोक आत ढकलला होता.

काल सकाळी मी नेर्मिनला व्हिडिओ कॉल लावला. ती खूश झाली. मोसमाचा पहिला घरचा सामना पाहून आली होती, आवाज बसला होता. “कार्ड दाखवून गेले,” म्हणाली, “यादीत माझं नाव आहे, काय करतील?” मी तिला थांबवलं आणि सगळं सांगितलं. इंग्रजीत सांगावं लागलं. पण ‘आय रोट इट’ म्हणाले. ‘इट वॉज रिटन’ म्हणाले नाही.

तिने हातातला फोन टेबलावर टेकवला. मागे कुठेतरी सीगल ओरडत होते. मला वाटलं ती मफलरबद्दल बोलेल, एम्रेबद्दल बोलेल.

“फिलो?” ती म्हणाली.

मी मान हलवली. “फिलो नव्हती.”

“मी तिचा सलाम घेतला नाही. जाताना दारावर केक घेऊन आली होती ती. मी आत होते, दार उघडलं नाही.” तिने चष्मा काढला. “आब्ला, आधी तिला सांग. मग मला फोन कर. त्याआधी नको.” आणि फोन बंद झाला.

मी साडी नीट केली. चार पावलांचा कॉरिडॉर. फिलोने दार उघडलं, हात पिठाचे.

“ये गं, वत्सलाताई. आज फिरायला का नाय आलीस? चेहरा का असा?”

मी उभ्यानेच सांगितलं. बसले असते तर जमलं नसतं. ईमेल, पत्र, आणि ‘मला काय माहीत’. फिलो इतका वेळ गप्प राहिलेली मी पहिल्यांदा पाहिली.

मग ती म्हणाली, “मी चर्चमध्ये कन्फेशनला जाऊन सांगितलं, माहीत आहे तुला? ईस्टरच्या आधी, दोन्ही वर्षं. म्हटलं, फादर, माझ्या तोंडाने कुणाला तरी दुखावलंय, मी काय बोलले ते मला आठवत नाही. फादर म्हणाले, जाऊन माफी माग. कशाची मागू, ते सांग ना मला. मी रोज आठवत होते, लिफ्टमध्ये काय बोलले, हलव्याला मला का नाय बोलावलं. आंतोन म्हणायचा, तू जास्त बोलतेस, म्हणून होतं असं. मी बोलणं कमी केलं, तुझ्या लक्षात आलं का?”

आलं होतं. मला वाटलं होतं, वय झालं.

“फिलो, मला—”

“नको. आता जा तू.” तिने पिठाचे हात एकमेकांवर झटकले. “रागावले नाय अजून. मला वेळ लागेल रागवायला.”

आणि तिने दार अगदी हळू, कडीचा आवाजही होऊ न देता लावून घेतलं. आपटलं असतं तर मला बरं वाटलं असतं.